कोरा पाईप

काकांनी डबा टेबलावर ठेवला तेव्हा त्यांच्यापुरता निकाल लागलेला होता. "कोरा आहे. आत बघ, काडीसुद्धा लागलेली नाही." मला बोलावलं होतं ते मान डोलवण्यापुरतं.

काका मूळचे सांगलीचे. चाळीस वर्षं बर्मिंगहॅमच्या आसपास इंजिनिअर म्हणून काढली, आता निवृत्त. आयुष्यात बिडी ओढलेली नाही, पण पान-तंबाखूच्या जुन्या वस्तूंचा नाद: अडकित्ते, चुन्याच्या डब्या, पितळी पानडबे, आणि अलीकडे इंग्रजी पाईप. मी फावल्या वेळात जुने पाईप साफ करतो, मोडलेल्या नळ्या बसवतो. ओढत मीही नाही. त्यामुळे आम्हा दोघांची बैठक म्हणजे शाकाहारी माणसांनी मटणाच्या रश्शावर वाद घालण्यातला प्रकार.

डब्यात होता तो असा: ब्रायर लाकडाची, तंबाखू भरायची वाटी, तिला जोडलेली लाकडी दांडी, दांडीच्या तोंडाशी चांदीचं कडं आणि त्यात बसवलेली अंबरची, म्हणजे तृणमणीची, मधाच्या रंगाची नळी. डबा लाकडाचा, वरून चामडं, आत पाईपच्याच आकाराचा खळगा आणि त्याला साटिनचं अस्तर. विक्रेत्याने ३४० पौंड घेतले होते आणि सात दिवसांत परत करायची मुभा दिली होती. त्याच विक्रेत्याच्या टेबलावर त्याच धाटणीचा, पण ओढलेला, दुसरा पाईप ९० पौंडांना पडून होता. म्हणजे काकांनी २५० पौंड मोजले ते 'न ओढलेला' एवढ्या दोन शब्दांचे.

अडकित्त्याचं बरं असतं. पुण्याच्या केळकर संग्रहालयातले अडकित्ते बघताना ते किती सुपाऱ्या कातरून झिजलेत असं कुणी विचारत नाही. झीज असेल तर उलट जीव लागतो. पाईपचं गणित उरफाटं आहे. एकदा आत निखारा पडला की लाकडाचा तो थर गेला, परत येत नाही, आणि संग्राहक पैसे मोजतो ते नेमके त्या थराचे.

आधी वय. चांदीच्या कड्यावर तीन ठसे नीट वाचता येत होते. एक जहाजाचा नांगर. बर्मिंगहॅमपासून समुद्र कितीही लांब असला तरी इथल्या चांदी तपासणाऱ्या कचेरीचा ठसा तोच आहे, १७७३पासून. दुसरा चालता सिंह, म्हणजे ९२.५ टक्के शुद्धतेची चांदी. तिसरं छोट्या लिपीतलं 'एल' हे अक्षर. बर्मिंगहॅमची ही अक्षरमाला १९०० साली 'ए'पासून सुरू झाली आणि मधला 'जे' वगळला गेला. त्या हिशेबाने 'एल' म्हणजे १९१०, नेमकं बोलायचं तर जुलै १९१० ते जून १९११. काका खूश झाले. पण अक्षर सांगतं ते चांदी कधी तपासली गेली एवढंच. पाईप दुकानात किती वर्षं पडून होता, कुणी नेला, कुणी पेटवला, याबद्दल कड्याला काही ठाऊक नसतं.

"पण आत बघ ना," काका म्हणाले.

आत लाकूड फिकट तपकिरी, स्वच्छ. काजळी नाही, राख नाही. इथेच बहुतेक लोक थांबतात, आणि इथेच थांबायचं नसतं. वाटी साक्षीदार आहे खरी, पण पढवलेली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त तिचीच. रोज ओढलेल्या पाईपच्या आत दुधाच्या पातेल्याला धरते तशी खरवड धरते. ती खरवडून काढायची, आत मीठ किंवा कापूस भरून त्यावर स्पिरिट ओतायचं, रात्रभर तसंच ठेवायचं. लाकडात मुरलेलं कीट त्यात उतरतं. मग काचकागद मारला की वीस वर्षं ओढलेली वाटीही बऱ्यापैकी उजळते. हे काम मी स्वतः करतो, पण विकताना 'साफ केलेला' असं सांगून. न सांगता विकणारेही असतातच.

उलटंही घडतं. काही वर्षांपूर्वी एक पाईप आतून काळाकुट्ट दिसला म्हणून मी तो 'ओढलेला' ठरवून मोकळा झालो. तो कारखान्याचा काळा लेप निघाला. पहिल्या काही दिवसांत लाकूड जळू नये म्हणून बरेच कारखाने आत असा लेप देतात, डब्लिनचा पीटरसनही देतो. विक्रेता माझ्याकडे बघून नुसता हसला. तेव्हापासून आतल्या रंगावर मी काहीच बोलत नाही, रंग कसा बसलाय ते बघतो.

ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठी वाढणाऱ्या हीदर जातीच्या मोठ्या झुडपाच्या, एरिका आर्बोरियाच्या, मुळाशी येणारी गाठ. ती तासन् तास उकळतात, महिनोन् महिने वाळवतात आणि मग लेथवर चढवतात. फ्रान्सच्या ज्युरा डोंगरातलं सेंट-क्लोद हे या धंद्याचं माहेर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे ब्रायरच्या वाट्या कातल्या जाताहेत आणि इंग्लंडातल्या कित्येक पाईपच्या वाट्याही तिथूनच आल्या. लाकूड घट्ट आणि आगीला चिवट, पण उघडं ब्रायर रंग फार पटकन धरतं. पहिल्याच ओढीनंतर काठाजवळ तपकिरी झाक येते. एकदा ओढलेला आणि शंभरदा ओढलेला यांतला फरक कुणालाही दिसेल. कोरा आणि एकदाच ओढलेला यांतला फरक शोधावा लागतो, आणि काकांचे २५० पौंड तिथे अडकले होते.

तपासणीचा क्रम मी सहसा मोडत नाही. आधी नाक, मग डोळे, मग भिंग, मग कोरडी काडी आणि सगळ्यात शेवटी स्पिरिट. स्पिरिट लावलं की पुरावा थोडा तरी पुसला जातो, आणि पाईप अजून परतीच्या मुदतीत होता. म्हणून काकांना विक्रेत्याला फोन करायला लावला. त्याने मोकळेपणाने "करा" म्हटलं. ही गोष्ट मी त्याच्या बाजूने टिपून ठेवली.

डबा दोन मिनिटं बंद ठेवून पुन्हा उघडला आणि लगेच नाक लावलं. चामडं, सरस, जुन्या कपाटाचा वास. तंबाखू नाही. काकांनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. पण नाकावर मी फार भिस्त ठेवत नाही. विडी ओढणाऱ्याच्या कपाटात ठेवलेली कोरी वही सुद्धा वास मारते, आणि शंभर वर्षांपूर्वीचा एखादा झुरका केव्हाच उडून गेलेला असतो.

साटिनवर वाटीच्या खळग्यात गंजाच्या रंगाचा डाग होता. काका त्यावर बोट ठेवून गप्प झाले. मी अस्तराची कड किंचित उचलून पाहिली. डाग खालून वर आला होता, लाकडाला लावलेल्या सरसाचा. नळीचं टोक जिथे टेकतं तिथे मात्र साटिन स्वच्छ. ओढून ओलसर राहिलेला पाईप रोज डब्यात गेला की पहिला डाग तिथे पडतो.

मग नळी. अंबरचा मोठा उपकार म्हणजे ते अर्धपारदर्शक असतं. काळ्या रबरी नळीच्या आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि ती नुसत्या उजेडानेही तपकिरी-हिरवट पडते, त्यामुळे रबर विटलं म्हणजे पाईप ओढलाय असं म्हणता येत नाही. ही नळी खिडकीशी धरली तर आतलं भोक सरळ दिसत होतं. न वापरलेल्या अंबरमध्ये ड्रिलने पाडलेलं भोक पांढुरकं, घासलेल्या काचेसारखं दिसतं. वापरलेल्यात त्याच जागी तपकिरी रेघ. इथे जवळजवळ संपूर्ण लांबी पांढुरकी होती. फक्त दांडीकडच्या टोकाला नखाएवढा भाग मळकट. मी ते वहीत लिहिलं आणि पुढे गेलो. दरम्यान काकांनी नळी स्वेटरवर घासून कागदाचे कपटे उचलून दाखवले. "तृणमणी! नाव उगाच नाही पडलं." घासल्यावर प्लास्टिकही कपटे उचलतं, हे मी बोललो नाही. तो प्रश्न त्या दिवसाचा नव्हता.

आता आटे. त्या काळच्या अशा पाईपमध्ये नळी आणि दांडी यांना जोडतो तो हाडाचा आटे पाडलेला तुकडा. त्याचं एक टोक अंबरमध्ये पक्कं असतं, दुसरं दांडीत फिरवून बसवायचं. मधून धुराचं बारीक भोक. सगळ्या पाईपमध्ये माझा सर्वांत जास्त विश्वास या तुकड्यावर. हाड पांढरं असतं, सच्छिद्र असतं आणि कीट पितं. वाटी घासणाऱ्याच्या हे सहसा लक्षातच येत नाही. कुणी फार हुशार निघाला तर हाड पेरॉक्साइडने उजळवतो किंवा काढून नायलॉनचं बसवतो. म्हणून आधी बघायचं ते हाड हाडच आहे का.

काकांनी भिंग घेतलं आणि दचकले. "यावर काळे ठिपके आहेत रे!" ते ठिपके बघून मला उलट बरं वाटलं. हाडात रक्तवाहिन्यांच्या बारीक नळ्या असतात, त्या कापल्या गेल्या की असे ठिपके आणि बारीक रेघोट्या दिसतात. नायलॉनवर त्या नसतात. तुकडा मूळचा होता.

नळी फिरवून बसवली. शेवटच्या आट्याला ती अलगद अडली आणि वाटीच्या सरळ रेषेत थांबली. बारीकशी गोष्ट, पण मोलाची. ओढणारा माणूस साफसफाईसाठी नळी सारखी काढतो-घालतो, आटे झिजतात आणि काही वर्षांनी नळी सरळ रेषेच्या पुढे निघून जाते, मान वाकडी केल्यासारखी. ही गेली नाही. आट्यांच्या कडाही अजून बोटाला लागत होत्या. हा पाईप कुणी वर्षानुवर्षं वापरला नव्हता, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

दांडीच्या आत तांबूस झाक होती. काकांना वाटलं कीट. तेवढ्यापुरता क्रम मोडून इअरबडला स्पिरिटचा थेंब लावून फिरवला, तर तो एकसारखा नारिंगी झाला, वास फक्त स्पिरिटचा. तो बाहेरून दिलेल्या रंगाचा ओघळ होता. रंग असा मोकळा, उजळ सुटतो. कीट तपकिरी-पिवळं, चिकट सुटतं आणि नाक मुरडायला लावतं. मग दांडीच्या भोकात कोरडा पाईप-क्लीनर, म्हणजे केसाळ तार, सारला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत गव्हाच्या कोंड्यासारखी फिकट भुकटी होती, १९१०च्या गिरमिटाने सोडलेली. रोज ओढलेल्या पाईपमध्ये ती कीटात केव्हाच लिंपली गेली असती. काकांनी काकूंना चहा टाकायला सांगितलं.

मी मात्र हाडाच्या टोकाकडे बघत होतो. आटे लोण्यासारखे पांढरे होते. पण भोकाभोवती, कपाच्या बुडाचा टेबलावर उमटतो तसा, केसाएवढा तपकिरी वळसा होता. वयाने हाड पिवळं पडतं, पण सगळीकडे सारखं पडतं. हे एकाच जागी होतं आणि ती जागा धुराची होती. अंबरचा मळकट भागही इथेच येऊन टेकत होता.

पुन्हा वाटीकडे. दिवा काठाला आडवा धरला, म्हणजे उजेड भिंतीवरून घसरत जाईल, आणि दहापट भिंग डोळ्याला लावलं. खालच्या दोन तृतीयांश भागात भिंतीवर बारीक गोल चरे होते, एकाखाली एक, जुन्या रेकॉर्डवरच्यासारखे. वाटी पोखरणाऱ्या हत्याराच्या या खुणा. घासकाम झालं की पहिल्यांदा जातात त्या ह्याच. त्या जागच्या जागी होत्या म्हणजे तिथे कुणी हात लावलेला नाही, आणि हात लावायची गरजही पडली नव्हती. वरच्या तृतीयांशात मात्र चरे नव्हते. तिथली भिंत गुळगुळीत.

कारखान्यातच वरचा भाग साफ केला असेल का? असू शकतं. कातकाम करणारे काठाच्या आतून हात फिरवतात. म्हणून पॉलिश बघितलं. काठाला पॉलिश देताना ते किंचित आत उतरतं, मिलिमीटरभर, ओघळत्या, वेड्यावाकड्या कडेचं. घासणं आधी आणि पॉलिश नंतर झालं असेल तर ही वेडीवाकडी कड सगळीकडे दिसायला हवी. ती अर्ध्या घेरात होती. उरलेल्या अर्ध्यात ती सरळ कापली गेली होती, त्याखालचं लाकूड उघडं आणि शेजारच्या न घासलेल्या, मधाळ झालेल्या लाकडापेक्षा फिकं. बोटाला काचकागद गुंडाळून कुणीतरी आत फिरवला होता, पॉलिश होऊन पुष्कळ काळ लोटल्यावर. उजव्या हाताच्या माणसाचं बोट जिथे जोर करेल तिथेच तो जास्त लागला होता.

आणि त्या गुळगुळीत भागात, लाकडाच्या रंध्रांच्या तळाशी, सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके. काचकागद वरचा थर नेतो, भोकाच्या तळापर्यंत पोचत नाही. खालच्या भागातली रंध्रं मी मुद्दाम तितकाच वेळ बघितली. ती रिकामी होती.

आता स्पिरिट. एक इअरबड खालच्या भिंतीवर फिरवला, जवळजवळ पांढराच निघाला. दुसरा वरच्या भागात फिरवला, राखाडी-पिवळा झाला. काकांच्या नाकाशी धरला. "तंबाखू नाही वाटत," ते म्हणाले, आणि थोडं थांबून, "विझलेल्या चुलीचा वास आहे." मग स्पिरिटमध्ये बुडवलेला पाईप-क्लीनर दांडीतून काढला. कीटाने भरलेल्या पाईपमधून तो डांबरासारखा निघतो. हा निघाला कोऱ्या चहाच्या रंगाचा. रंग कोऱ्या चहाचा, पण पाईप कोरा नव्हता.

हे सगळं एकत्र ठेवलं तर एकच गोष्ट बसते. तंबाखू वरून खाली जळत जातो. कुणीतरी वाटी भरली, पेटवली, वरचा तृतीयांश भाग जळेपर्यंत ओढली आणि सोडून दिली. एकदा, फार तर दोनदा. धूर दांडीतून, हाडाच्या भोकातून गेला आणि जाता जाता हलकी खूण ठेवून गेला, म्हणून तो वळसा आणि तो चहा. ओल भुकटीला लिंपून टाकण्याइतकी झालीच नाही. आटे झिजायचा प्रश्नच नव्हता. पुष्कळ काळाने कुणाला तरी काठाच्या आतला काळा पट्टा खुपला आणि त्याने तो घासून काढला. नळी आणि हाड धुण्याच्या भानगडीत तो पडला नाही. ते कुणी बघेल असं त्याला वाटलं नसावं.

दुसरा एक पर्याय काकांनी मांडला आणि तो वाईट नव्हता. नुसती पेटती काडी आत धरली असेल, तंबाखू न भरता? मग काठ जळेल, पण दांडीतून धूर ओढला गेला नसता आणि हाडावर वळसा आला नसता. पाईप भरलेला होता.

काका बराच वेळ गप्प होते. मग इंजिनिअरसारखं विचारलं, "लिहून काय देशील?"

मी दिलं ते असं: 'बर्मिंगहॅम, १९१०-११ची चांदी. सर्व भाग मूळचे. अगदी अल्प वापर, एक किंवा दोन वेळा, अर्धवट ओढलेला. वाटीचा वरचा भाग नंतर घासलेला. न ओढलेला म्हणता येणार नाही.' शेवटचं वाक्य लिहिताना हात थोडा अडला. असा पाईप मला स्वतःला कोऱ्यापेक्षा जास्त आवडतो. पण काकांनी माझी आवड विकत घेतली नव्हती.

विक्रेता रविवारी आला. वाद घालेल असं वाटलं होतं. त्याने खिशातून स्वतःचं भिंग काढलं, दिवा मी दाखवला तसा आडवा धरला आणि पॉलिशची कापलेली कड दोनदा बघितली. हाडाचं टोक बघायला तो विसरला, ते मी पुढे केलं. "घर रिकामं करताना आलेला माल, मी वाटीत बघितलं आणि विश्वास ठेवला," एवढंच तो म्हणाला. मला ते खरं वाटलं. पूर्ण पैसे परत किंवा १५० पौंड परत, काय हवं ते घ्या, म्हणाला.

काकांनी १५० घेतले आणि पाईप ठेवून घेतला. म्हणजे तो पडला १९० पौंडांना, जे माझ्या मते दहा-वीस पौंड जास्तच आहेत, पण अंबरला कुठे चीर नाही आणि डबा त्याचाच आहे, तेव्हा चालायचं. डब्याच्या झाकणात आता त्यांच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी आहे: 'एकदा पेटवला. पुरा ओढला नाही.' खाली तारीख.

"आवडला नसेल त्याला," काका म्हणाले.

"बायकोने बाहेर काढला असेल," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.